इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन आणि मूलकणांच्या उपपत्तीची कसोटी

१. प्रश्नाचे स्वरूप

भौतिकीतील एखाद्या उपपत्तीची परीक्षा दोन मार्गांनी करता येते. ज्या प्रदेशात पूर्वी कोणी पोचलेले नाही तेथे जाऊन उपपत्तीने सांगितलेली वस्तू प्रत्यक्ष आढळते की नाही ते पाहणे, हा पहिला मार्ग होय. २०१२ साली जिनीव्हानजीकच्या प्रचंड वेगवर्धकात हिग्ज कण सापडला, तो या मार्गाने. दुसऱ्या मार्गात नवी वस्तू शोधावयाची नसते. परिचित घटनेतीलच एखादी राशी इतक्या काटेकोरपणे मोजावयाची, की उपपत्तीने सांगितलेली संख्या आणि मोजलेली संख्या यांत अल्पसा जरी भेद असला, तरी तो लपून राहू नये. पहिल्या मार्गात ऊर्जा अधिकाधिक वाढवावी लागते, तर दुसऱ्यात चुका अधिकाधिक कमी कराव्या लागतात. पहिल्याची वार्ता सर्वत्र पसरते. दुसऱ्याची माहिती मात्र त्या क्षेत्राबाहेर फारशी पोचत नाही.

मूलकणांविषयीची सर्वमान्य उपपत्ती ‘स्टँडर्ड मॉडेल’ या नावाने प्रसिद्ध आहे. प्रस्तुत लेखात तिला ‘प्रमाण उपपत्ती’ असे म्हटले आहे. ही उपपत्ती जितकी यशस्वी तितकीच अपुरी आहे, कारण गुरुत्वाकर्षणाला तिच्यात स्थान नाही आणि विश्वातील अदृश्य द्रव्याचा उलगडाही तिच्याने होत नाही. तेव्हा ती कोठे तरी उणी पडणार, हे जवळजवळ निश्चित आहे. ती कोठे आणि किती उणी पडेल, हाच खरा प्रश्न आहे. इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनाच्या काटेकोर प्रयोगांनी या प्रश्नाचा पाठपुरावा कसा केला, याचे विवेचन पुढे केले आहे.

२. वामावर्त आणि दक्षिणावर्त

इलेक्ट्रॉनाच्या अंगी स्वतःभोवती फिरल्यासारखा एक गुण असतो. त्याला परिवलन म्हणतात. परिवलनाची दिशा आणि गतीची दिशा एकच असेल तर त्या इलेक्ट्रॉनाला दक्षिणावर्त म्हणावे, आणि उलट असेल तर वामावर्त म्हणावे. शंखांमध्ये हेच दोन प्रकार असतात आणि आरशात पाहिले असता एका प्रकाराचा शंख दुसऱ्या प्रकारासारखा दिसतो. इलेक्ट्रॉनाचेही तसेच आहे. परंतु निसर्गात दक्षिणावर्त शंख अतिशय दुर्मिळ असतो, तर प्रयोगशाळेत दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन हवे तेव्हा निर्माण करता येतात, हा भेद ध्यानात ठेवावा.

विद्युत् चुंबकीय परस्परक्रिया या दोहोंत कोणताच पक्षपात करीत नाही. इतर सर्व गोष्टी समान असतील तर वामावर्त आणि दक्षिणावर्त इलेक्ट्रॉन प्रोटॉनावर आपटून अगदी सारख्या प्रमाणात विखुरले जातात. या आरसा-सममितीला ‘समता’ अशी संज्ञा आहे. सर्वच नैसर्गिक नियम समता पाळतात असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९५६ साली ली आणि यांग यांनी दुर्बल परस्परक्रियेच्या बाबतीत त्याविषयी शंका उपस्थित केली आणि १९५७ साली वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी द्रव्यावरील प्रयोगाने ती शंका खरी ठरविली. दुर्बल परस्परक्रिया डावे-उजवे ओळखते.

येथे ‘दुर्बल’ या विशेषणाविषयी थोडा खुलासा करणे इष्ट आहे. ही परस्परक्रिया मुळातच क्षीण आहे असा त्याचा अर्थ नव्हे. तिचे वाहक कण अतिशय जड असल्यामुळे कमी ऊर्जेच्या व्यवहारात तिचा परिणाम क्षीण भासतो. विद्युत् चुंबकीय क्रियेचा वाहक फोटॉन वस्तुमानरहित आहे, तर दुर्बल क्रियेचा उदासीन वाहक ‘झेड’ प्रोटॉनाच्या सुमारे ९७ पट जड आहे.

इलेक्ट्रॉन प्रोटॉनावर आपटतो तेव्हा दोहोंमध्ये फोटॉनाची देवघेव होऊ शकते, तशी झेडचीही होऊ शकते. पुंजयामिकीचा नियम असा, की या दोन मार्गांच्या संभाव्यता वेगवेगळ्या काढून त्यांची बेरीज करावयाची नसते. प्रथम त्यांच्या प्रसरांची बेरीज करावयाची आणि मग तिचा वर्ग घ्यावयाचा. विद्युत् चुंबकीय प्रसर १ मानला आणि दुर्बल प्रसर त्याच्या एक कोटीव्या भागाइतका असला, तर नुसत्या दुर्बल प्रसराचा वर्ग इतका सूक्ष्म होईल की तो मोजण्याची आशाच नको. परंतु बेरजेच्या वर्गात दोहोंच्या गुणाकाराची दुप्पटही येते, आणि ती दोन कोटींश म्हणजे वर्गाच्या मानाने पुष्कळच मोठी असते. इलेक्ट्रॉनाचे आवर्तन बदलले की विद्युत् चुंबकीय भाग बदलत नाही, पण या गुणाकाराच्या पदात फरक पडतो. म्हणून एकदा वामावर्त आणि एकदा दक्षिणावर्त इलेक्ट्रॉन सोडून दोन्ही वेळच्या प्रकीर्णनातील फरक त्यांच्या बेरजेने भागला, की जी ‘असममिती’ मिळते ती केवळ दुर्बल परस्परक्रियेचीच खूण होय. सर्व प्रयोगांचा पाया हाच आहे.

३. १९७८ सालचा निर्णय

या मार्गाची सूचना सोव्हिएत भौतिकीविज्ञ झेल्डोविच यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात केली होती. त्या काळी दुर्बल क्रियेचे जे प्रकार ठाऊक होते त्या सर्वांत कणांचा विद्युत् भार बदलत असे. भार न बदलणारी, म्हणजे उदासीन, दुर्बल क्रिया असेल तर ती इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनात समता-भंगाच्या रूपाने दिसावी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ग्लॅशो (१९६१), वाइनबर्ग (१९६७) आणि सलाम (१९६८) यांच्या कार्यातून दुर्बल आणि विद्युत् चुंबकीय क्रियांची एकत्रित उपपत्ती सिद्ध झाली, आणि तिच्यात उदासीन वाहक अपरिहार्यपणे आला. १९७३ साली सर्न येथे न्यूट्रिनोंवरील प्रयोगात उदासीन दुर्बल क्रिया आढळली. मात्र इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत ती डावे-उजवे ओळखते की नाही, हे त्यावरून समजत नव्हते.

या टप्प्यावर उपपत्ती संकटात सापडली. बिस्मथच्या अणूंमधून प्रकाश जाऊ दिला असता समता-भंगामुळे त्याचा ध्रुवण-प्रतल किंचित फिरला पाहिजे, असे गणिताने निघत होते. ऑक्सफर्ड आणि सिॲटल येथील दोन स्वतंत्र गटांना १९७७ पर्यंत अपेक्षित परिणाम दिसला नाही. उलट नोव्होसिबिर्स्क येथील गटाने १९७८ साली तो दिसल्याचे सांगितले. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत समता अबाधित ठेवणाऱ्या पर्यायी उपपत्तीही दरम्यान पुढे आल्या होत्या.

या वादाचा निकाल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथील रेखीय वेगवर्धकावर प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. अपेक्षित असममिती दहा हजारांत एक या कोटीची होती. तेवढा फरक दिसला, तरी तो निसर्गाचा की उपकरणाचा, असा प्रश्न उरणारच. या प्रयोगाचे सौंदर्य त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर वर्तुळध्रुवित लेसर प्रकाश पाडून ध्रुवित इलेक्ट्रॉन मिळविले होते. प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा उलटविली की इलेक्ट्रॉनांचे आवर्तन उलटे, आणि ही उलटापालट प्रत्येक स्पंदाला यदृच्छेने केली जाई. त्याखेरीज दोन स्वतंत्र पडताळे घेतले गेले. पहिला असा, की प्रकाशाच्या मार्गातील लोलक ९० अंशांनी फिरविला असता असममितीचे चिन्ह बदलले पाहिजे आणि ४५ अंशांवर ती शून्य झाली पाहिजे. दुसरा पडताळा अधिक मार्मिक आहे. इलेक्ट्रॉनांचा झोत लक्ष्याकडे नेताना चुंबकांनी २४.५ अंशांतून वळविला जात असे. या वळणावर परिवलनाची दिशा झोताच्या दिशेपेक्षा अधिक वळते, आणि हे अधिक वळणे ऊर्जेच्या प्रमाणात असते. हिशेबाप्रमाणे १९.४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला आवर्तन मूळचेच राहते, १६.२ अब्जांना ते नेमके उलटे होते, आणि मधल्या १७.८ अब्जांना परिवलन झोताला आडवे राहिल्याने असममिती नाहीशी होते. मापने या वक्ररेषेबरोबर जुळली. उपकरणातील कोणताही दोष ऊर्जेच्या या विशिष्ट चढउताराचे अनुकरण करील, हे संभवनीय नव्हते. वामावर्त इलेक्ट्रॉन किंचित अधिक प्रमाणात विखुरतात, असे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एका समांतर घटनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. सोस्यूरने १८७८ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात, केवळ स्वरांच्या व्यवस्थेतील नियमिततेच्या आधारे, आद्य भारत-युरोपीय भाषेत काही लुप्त घटक मानले. ते कोणत्याही ज्ञात भाषेत दिसत नव्हते. १९२७ साली कुरिलोविच याने हित्ती भाषेतील एक विशिष्ट व्यंजन नेमके त्या स्थानी आढळत असल्याचे दाखविले. व्यवस्थेने मागितलेली वस्तू पुराव्यात सापडावी, असा हा प्रकार आहे. मात्र हित्ती पुराव्याचे उत्तर मुख्यतः ‘आहे’ किंवा ‘नाही’ या स्वरूपाचे होते. भौतिकीत १९७८ नंतरचा प्रश्न ‘किती’ असा झाला, आणि तेथूनच काटेकोर मापनाचे युग सुरू झाले.

४. मिश्रण कोन आणि प्रोटॉनाचा दुर्बल भार

एकत्रित उपपत्तीत फोटॉन आणि झेड हे दोन मूळ क्षेत्रांच्या मिश्रणातून उत्पन्न होतात. त्या मिश्रणाचे प्रमाण एका कोनाने व्यक्त होते. त्याला दुर्बल मिश्रण कोन म्हणतात आणि त्याच्या ज्येचा, म्हणजे साइनचा, वर्ग ही व्यवहारातील महत्त्वाची संख्या होय. झेडच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेला तिचे मूल्य सुमारे ०.२३१ आहे.

विद्युत् भार जसा फोटॉनाशी असलेला संबंध ठरवितो, तसा कणाचा ‘दुर्बल भार’ त्याचा झेडशी असलेला संबंध ठरवितो. न्यूट्रॉनाचा दुर्बल भार जवळजवळ उणे एक आहे. प्रोटॉनाचा मात्र, प्रथम सन्निकर्षाने, एकातून वरील संख्येची चौपट वजा केली असता मिळतो. ही चौपट एकाच्या जवळ असल्याने बाकी अतिशय लहान उरते. सर्व सुधारणांसह उपपत्ती ती ०.०७०८ अशी सांगते.

या लहानपणातच तिचे महत्त्व आहे. मिश्रणाच्या संख्येत एक टक्का फरक पडला, तर प्रोटॉनाच्या दुर्बल भारात सुमारे तेरा टक्के फरक पडतो. म्हणजे दोन मोठ्या राशींच्या वजाबाकीने सूक्ष्म भेद आपोआप विशाल करून दाखविला. शिवाय प्रमाण उपपत्तीचा वाटा इतका कमी असल्यामुळे एखाद्या अज्ञात कणाचा अल्प वाटाही त्यात उठून दिसेल. इलेक्ट्रॉनाचा दुर्बल भारही याच कारणाने लहान आहे.

याला आणखी एक अंग आहे. मिश्रणाची ही संख्या स्थिर नाही. निर्वातात क्षणमात्र उत्पन्न होऊन लय पावणाऱ्या आभासी कणांमुळे ती ऊर्जेबरोबर बदलते, आणि कमी ऊर्जेला ती सुमारे तीन टक्क्यांनी वाढून ०.२३९ च्या जवळ जावी असे भाकीत आहे. हा बदल प्रत्यक्ष दाखविण्याचे श्रेय स्टॅनफर्ड येथील ‘ई-१५८’ या प्रयोगाला जाते. त्यात इलेक्ट्रॉन प्रोटॉनांवर न आपटता द्रव हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनांवर आपटत. या प्रकीर्णनाचे सूत्र म्यॉलर यांनी १९३२ साली दिले होते. त्याचेच भावंड असे जे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्रकीर्णन, ते मुंबईचे होमी भाभा यांनी केंब्रिज येथे असताना सोडविले, आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ई-१५८ ने २००२-०३ मध्ये मापने घेतली आणि २००५ साली आपला अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध केला. असममिती उणे १३१ अब्जांश भरली, आणि मिश्रणाची संख्या ०.२३९७ आली, अनिश्चितता सुमारे ०.००१३. बदलाचे भाकीत खरे ठरले.

५. ‘क्यू-वीक’ प्रयोगाची रचना

प्रोटॉनाचा दुर्बल भार प्रथमच थेट मोजण्याचे कार्य अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज येथील जेफर्सन प्रयोगशाळेत २०१० ते २०१२ या काळात ‘क्यू-वीक’ या प्रयोगाने केले. त्यातील अडचणी आणि त्यांवरील उपाय पाहिले, म्हणजे ‘काटेकोर’ या शब्दाचा अर्थ नीट उमगतो.

पहिली अडचण संख्याबळाची आहे. यदृच्छेने घडणाऱ्या घटना मोजताना होणारी चूक घटनांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. सात अब्जांशांपर्यंत जावयाचे तर किमान दोन कोटी अब्ज इलेक्ट्रॉन मोजले पाहिजेत. म्हणून झोत तीव्र हवा आणि लक्ष्य लांब हवे. १८० मायक्रोॲम्पिअरचा झोत सुमारे ३४ सेंटिमीटर लांबीच्या द्रव हायड्रोजनमध्ये दोन किलोवॅटहून अधिक उष्णता ओततो. शून्याखाली सुमारे २५३ अंश सेल्सिअस तापमानाचा हा द्रव उकळू नये म्हणून तो सतत खेळता ठेवावा लागे. विखुरलेले इलेक्ट्रॉन क्वॉर्ट्झच्या आठ पट्ट्यांवर पडत, आणि त्यांची संख्या सेकंदाला सुमारे सातशे कोटी असे. ते एकेक मोजणे अशक्य. म्हणून त्यांनी निर्माण केलेल्या प्रकाशाची एकूण तीव्रताच विद्युत् प्रवाहाच्या रूपाने नोंदली गेली.

दुसरी अडचण खोट्या असममितीची होय. आवर्तन उलटविताना झोताची जागा, कोन किंवा ऊर्जा यत्किंचितही बदलली, तरी प्रकीर्णनात फरक पडेल आणि तो दुर्बल क्रियेचा भासेल. आवर्तन सेकंदाला ९६० वेळा बदलले जाई, जेणेकरून लक्ष्याची किंवा उपकरणांची मंद हालचाल दोन्ही बाजूंना सारखीच पडावी. दोन आवर्तनांतील झोताच्या जागेचा सरासरी फरक काही नॅनोमीटरांत ठेवला गेला, आणि उरलेल्या फरकाचा परिणाम स्वतंत्र मापनाने वजा केला गेला. त्याशिवाय सुमारे दर आठ तासांनी लेसरच्या मार्गात एक पट्टिका घालून किंवा काढून चिन्हच उलटे केले जाई. खरी असममिती त्याबरोबर उलटते, उपकरणाचे अनेक दोष मात्र उलटत नाहीत.

तिसरी अडचण वरवर क्षुल्लक वाटणारी आहे. हायड्रोजन ज्या पात्रात होता त्याच्या दोन टोकांना ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे होते. ॲल्युमिनियमच्या अणुकेंद्रात चौदा न्यूट्रॉन असतात आणि न्यूट्रॉनाचा दुर्बल भार प्रोटॉनाच्या मानाने फार मोठा असतो. त्यामुळे या पत्र्यांतून येणाऱ्या थोड्याशा इलेक्ट्रॉनांची असममितीही हायड्रोजनच्या कित्येक पट असते. ती स्वतंत्रपणे मोजून वजा करावी लागली. झोतातील इलेक्ट्रॉन सुमारे ८८ टक्के ध्रुवित होते. तो आकडा स्वतः एका टक्क्याहून कमी चुकीने ठाऊक असणे आवश्यक होते, म्हणून दोन वेगवेगळ्या तत्त्वांवरील उपकरणांनी तो मोजला गेला.

चौथी अडचण यंत्राची नसून मनाची आहे. उपपत्तीने सांगितलेली संख्या संशोधकांना अगोदरच ठाऊक असते. उत्तर तिच्याजवळ आले की सुधारणा थांबवावी आणि दूर गेले की आणखी दोष शोधावे, असा मोह नकळत होतो. यावर उपाय म्हणून विश्लेषण करणाऱ्यांना अज्ञात अशी एक संख्या असममितीत मिळविली गेली. सर्व सुधारणा निश्चित झाल्यावरच ती काढून टाकण्यात आली, आणि त्यानंतर काहीही बदलावयाचे नाही असे बंधन होते. आपल्याला हवे ते उत्तर पुराव्यातून वाचण्याची प्रवृत्ती ज्या ज्या विद्येत संभवते, तेथे हा दंडक विचारात घेण्यासारखा आहे.

६. निष्कर्ष आणि त्याचा अर्थ

२०१८ साली प्रसिद्ध झालेला अंतिम निष्कर्ष असा: असममिती उणे २२६.५ अब्जांश, अनिश्चितता सुमारे ९.३ अब्जांश. यावरून प्रोटॉनाचा दुर्बल भार काढताना त्याच्या अंतर्गत रचनेचा वाटा बाजूला काढावा लागतो. तो वाटा संवेगाची देवघेव जितकी कमी तितका कमी असतो, म्हणून प्रकीर्णनाचा कोन सुमारे आठ अंश इतका लहान निवडला होता, आणि पूर्वीच्या अधिक संवेगाच्या प्रयोगांची मापनेही जमेस धरली गेली. दुर्बल भार ०.०७१९ आला, अनिश्चितता ०.००४५. उपपत्तीचे मूल्य ०.०७०८ आहे. दोहोंतील फरक अनिश्चिततेच्या एक चतुर्थांशाइतकाच आहे.

उपपत्ती पुन्हा उत्तीर्ण झाली, तेव्हा एवढ्या श्रमाचे फलित काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की जुळणारे मापनही अनेक शक्यता नाहीशा करते. इलेक्ट्रॉन आणि क्वार्क यांच्यात समता-भंग करणारी एखादी नवी क्रिया असती आणि तिचा वाहक प्रोटॉनाच्या काही हजार पट जड असता, तर तिचा ठसा या मापनात उमटला असता. जेमतेम १.१६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या झोताने हजारो अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रदेशाविषयी असा निर्णय देता येतो, हे या मार्गाचे बळ आहे. त्याच वेळी त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. भेद आढळलाच असता, तर तो कोणत्या कणामुळे, हे एकट्या या प्रयोगाला सांगता आले नसते.

७. उरलेला प्रश्न

मिश्रणाच्या संख्येविषयी एक जुनी विसंगती अद्याप मिटलेली नाही. झेड कण निर्माण करून केलेल्या सर्वांत काटेकोर दोन मापनांपैकी स्टॅनफर्डच्या मापनाने ०.२३१० आणि सर्नमधील एका मापनाने ०.२३२२ असे मूल्य दिले. दोहोंची अनिश्चितता सुमारे ०.०००३ आहे, म्हणून हा फरक निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे कठीण जाते. दोहोंची सरासरी घेतली की उपपत्तीशी जुळते; स्वतंत्रपणे पाहिले की वेगवेगळ्या दिशांना बोट दाखविते. न जुळणाऱ्या दोन साक्षींची सरासरी हे सत्य नव्हे.

या प्रश्नात नवी साक्ष देण्याच्या उद्देशाने जेफर्सन प्रयोगशाळेतील ‘मोलर’ हा प्रयोग आखण्यात आला. ११ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनांवर सोडून सुमारे ३३ अब्जांशांची असममिती ०.८ अब्जांशाच्या चुकीने मोजावयाची, आणि मिश्रणाची संख्या ०.०००२८ पर्यंत निश्चित करावयाची, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जर्मनीत माइन्झ येथील ‘पी-२’ प्रयोगाचे उद्दिष्ट प्रोटॉनांच्या बाबतीत त्याच तोडीचे आहे, आणि तेही अवघ्या १५.५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या झोताने.

१९७८ साली असममिती दहा हजारांत एक या कोटीची होती. पुढील प्रयोगांत अपेक्षित असलेली चूक अब्जांत एकाहूनही कमी आहे. या प्रवासात उपपत्तीचे मूळ समीकरण बदललेले नाही. त्याला विचारावयाचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी अधिक अवघड होत गेला आहे. उपपत्तीविषयीचा विश्वास असा पायरीपायरीने मिळविलेला असतो, आणि तो पुढच्या मापनापुरताच असतो.